दांडा आणि कोन: गोल्फचा चेंडू वाट का सोडतो?

७ ऑगस्ट २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमधली महिला गोल्फची शेवटची फेरी होती. ज्या घरांत तोवर गोल्फ कधी लागलं नव्हतं, त्या घरांतही त्या शनिवारी सकाळी माणसं टीव्हीसमोर बसली. भारताच्या अदिती अशोकचं कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं आणि ती चौथी आली. त्याआधीच्या आठवड्यात पुरुषांच्या स्पर्धेत भारताकडून दोघे उतरले होते: पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी आणि पुण्याचाच उदयन माने. सगळ्या देशाचं लक्ष लागावं असा हा खेळ पहिल्यांदाच झाला असावा.

महाराष्ट्राला गोल्फ नवं नाही. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना १८४२ ची. पुण्यात येरवड्याला, मुंबईत चेंबूरला, विलिंग्डनला गोल्फची जुनी मैदानं आहेत. उदगीरहून हैदराबादची गाडी धरली तर गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात, कुतुबशाही तटांच्या आत, गोल्फ चालू असलेलं दिसतं. पण उदगीर-देगलूर-अहमदपूर पट्ट्यातल्या माणसाला हा खेळ दिसतो तो बहुतेक पडद्यावर. पडद्यावर चेंडू दिसतो, हिरवळ दिसते. क्लब, म्हणजे चेंडू मारायचं अवजार, कसा काम करतो ते दिसत नाही. म्हणून इथं फक्त क्लबबद्दल, त्यातही दोनच गोष्टींबद्दल सविस्तर लिहितो: दांड्याची लांबी आणि दांड्याचा जमिनीशी होणारा कोन. खेळाडूच्या हाताच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी चुकांचं मूळ या दोन मापांत असतं.

तीन मापं

नियमानुसार खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून प्रत्येकाची मापंही वेगळी.

पहिलं माप लॉफ्ट. क्लबचा चेंडूला भिडणारा चेहरा मागे किती कललेला आहे, ते हे माप. सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचा, म्हणजे ड्रायव्हरचा, चेहरा जवळजवळ उभा असतो, साधारण १० अंश कललेला. मधल्या अंतराच्या नंबरवार क्लबांना आयर्न म्हणतात; ७ नंबरच्या आयर्नचा ३० ते ३४ अंश. खड्ड्यातल्या वाळूतून चेंडू उचलणाऱ्या सँड वेजचा ५६ अंशांच्या आसपास. लॉफ्ट जितका जास्त, तितका चेंडू उंच जातो आणि तितका जवळ पडतो.

दुसरं माप लांबी. दुकानातला ड्रायव्हर साधारण ४५ इंचांचा किंवा थोडा जास्त, ५ नंबरचं आयर्न ३८, ७ नंबरचं ३७, ९ नंबरचं ३६ इंच. वेज साडेपस्तीसच्या आसपास आणि होलकडे चेंडू घरंगळवणारा पटर ३४-३५ इंच. कंपनीगणिक यात थोडा फरक पडतो, पण आयर्नच्या संचात एका नंबरमागे अर्धा इंच ही पायरी जवळपास सगळीकडे सारखी आहे.

तिसरं माप लाय. क्लबचा तळ जमिनीवर सपाट टेकवला की दांडा जमिनीशी जो कोन करतो, तो लायचा कोन. ड्रायव्हरला तो ५६ ते ६० अंश, ७ नंबरला ६२ च्या आसपास, वेजला ६४ आणि पटरला ७० अंशांच्या आसपास असतो. कोन मोठा असेल तर क्लब उभा, कमी असेल तर आडवा म्हणतात.

आकडे शेजारी शेजारी ठेवले की त्यांतली संगती दिसते: दांडा लांब होत जातो तसा कोन कमी होत जातो. याचं कारण माणसाच्या शरीरात आहे. क्लब कोणताही असो, फटका मारताना हात जमिनीपासून साधारण त्याच उंचीवर राहतात. मग लांब दांड्याचं दुसरं टोक पायांपासून दूर जाणार, दांडा जास्त आडवा होणार. म्हणून लांब क्लबचा तळ आडव्या दांड्याला जुळेल असा घडवावा लागतो आणि आखूड क्लबचा उभ्या दांड्याला जुळेल असा.

उदगीरच्या बाजारात खोऱ्याला दांडा बसवून घेणारा शेतकरी हेच करतो. खोरं हातात धरून, स्वतःच्या नेहमीच्या वाकण्यात जमिनीला टेकवून बघतो. दांडा लांब वाटला तर कापून घेतो, पातं नीट लागत नसेल तर लोहाराकडून कोन बदलून घेतो. दुसऱ्याच्या उंचीचं खोरं दिवसभर चालवलं तर संध्याकाळी कंबर काय म्हणते, हे त्याला सांगावं लागत नाही. गोल्फमध्ये चुकलेल्या मापाची खूण कमरेआधी चेंडूवर दिसते.

कोन चुकला की चेंडू बाजूला का जातो?

उजव्या हाताचा खेळाडू धरून चालू. त्याच्यासाठी क्लब गरजेपेक्षा जास्त उभा असेल तर फटक्याच्या क्षणी तळाची दांड्याकडची बाजू, म्हणजे टाच, जमिनीला आधी लागते आणि पुढची बाजू, म्हणजे चवडा, वर उचललेला राहतो. चेंडू डावीकडे निघतो. क्लब जास्त आडवा असेल तर चवडा जमिनीत रुततो, टाच वर राहते आणि चेंडू उजवीकडे जातो. डावखुऱ्या खेळाडूला हे सगळं उलट.

पण क्लब तर चेंडूमागे सरळच आला होता, कडेला किंचित कलला एवढंच. मग दिशा का बदलावी? हे समजायला हातात एक वही घ्या. ती समोर उभी धरा, मुखपृष्ठ तुमच्यापासून दूर, समोरच्या भिंतीकडे. आता वहीची उजवी कड थोडी वर उचला, घड्याळाचा काटा उलटा फिरावा तशी. मुखपृष्ठ अजूनही भिंतीकडेच बघतंय. वही कलली, दिशा बदलली नाही.

आता दुसरी पायरी. वही परत सरळ करा आणि वरची कड स्वतःकडे झुकवून तिला मागे कलंडवा, म्हणजे मुखपृष्ठ अर्धं भिंतीकडे आणि अर्धं छताकडे बघेल. हा झाला लॉफ्ट. या स्थितीत पुन्हा उजवी कड वर उचला. आता मुखपृष्ठ डावीकडे वळलेलं दिसेल. मुखपृष्ठाच्या दिशेत वर जाणारा जो भाग होता, तो कलण्याबरोबर डावीकडे झुकला. क्लब जास्त उभा असला, चवडा वर राहिला, की चेहऱ्याचं नेमकं हेच होतं.

या वहीच्या प्रयोगातून लायचा सगळ्यात महत्त्वाचा नियम निघतो: चुकीच्या कोनाचा परिणाम लॉफ्टवर अवलंबून असतो. भूमितीच्या भाषेत, चेहरा जितके अंश बाजूला वळतो ते म्हणजे लायमधली चूक गुणिले लॉफ्टच्या कोनाचा टॅन. दहावीच्या त्रिकोणमितीचं कोष्टक त्याला पुरतं.

समजा तीन वेगवेगळे क्लब २ अंशांनी जास्त उभे आहेत. १० अंशांच्या ड्रायव्हरला टॅन ०.१८, चेहरा सुमारे ०.३५ अंश वळेल. ३४ अंशांच्या ७ नंबरला टॅन ०.६७, चेहरा १.३५ अंश वळेल. ५६ अंशांच्या वेजला टॅन १.४८, चेहरा जवळजवळ ३ अंश वळेल. अंतरात मांडायचं तर ड्रायव्हरचा चेंडू २२० मीटरवर सव्वा-दीड मीटर डावीकडे जाईल, ७ नंबरचा १४० मीटरवर सव्वातीन मीटर आणि वेजचा अवघ्या ८० मीटरवर चार मीटर. हे ढोबळ हिशेब आहेत. चेंडू अगदी चेहऱ्याच्या दिशेनेच निघतो असं नाही. त्याची फिरकीही त्याच बाजूला कलते आणि तो हवेत आणखी वळतो. तरी कल स्पष्ट आहे: जो क्लब सगळ्यात जवळचं, सगळ्यात अचूक काम करायला हातात घेतला जातो, त्यालाच लायची चूक सगळ्यात महाग पडते.

पटरचा लॉफ्ट जेमतेम ३-४ अंश, म्हणून त्याचा लाय थोडा चुकला तरी दिशेवर फार फरक पडत नाही. पटरसाठी नियमात मात्र वेगळी अट आहे. त्याचा दांडा सरळ उभ्या रेषेपासून निदान १० अंश कललेला असलाच पाहिजे, म्हणजे लाय ८० अंशांच्या पुढे नेता येत नाही. दांडा लंबकासारखा उभा धरून चेंडू ढकलायची पद्धत त्यामुळे रोखली जाते.

उतारावरही हेच गणित

जमीन कलली की नेमक्या कोनाचा क्लबही चुकीचा होतो. चेंडू पायांपेक्षा वर असेल, तर त्या उताराच्या मानानं क्लब जास्त उभा ठरतो आणि चेंडू डावीकडे जातो. चेंडू पायांपेक्षा खाली असेल तर उजवीकडे. ५ अंशांचा उतार डोळ्यांना फारसा जाणवतही नाही, पण त्यावर ५६ अंशांच्या वेजचा चेहरा सात अंशांहून जास्त वळतो. ८० मीटरवर ते दहा मीटर झाले. त्याच उतारावर ७ नंबरचा चेहरा साडेतीन अंशांच्या आत वळतो. खारघरच्या डोंगरउतारासारख्या मैदानावर खेळणारा जाणता खेळाडू म्हणूनच अशा जागी निशाणा आधीच बाजूला धरतो, आणि हातात वेज असेल तर आणखी बाजूला.

लांबी बदलली तर?

लांब दांड्याचा फायदा सरळ आहे. हात त्याच वेगानं फिरले तरी दांड्याचं दूरचं टोक जास्त वेगानं फिरतं आणि चेंडू लांब जातो. पण दांडा लांब झाला की क्लबचं डोकं हातांपासून दूर जातं आणि चेंडू चेहऱ्याच्या मध्यावर घेणं अवघड होतं. चेंडू टाचेला किंवा चवड्याला लागला की लांबीनं मिळालेला वेग तिथंच वाया जातो, दिशाही बिघडते. व्यावसायिक खेळाडूंचे ड्रायव्हर दुकानातल्यापेक्षा बरेचदा थोडे आखूड असतात ते यामुळे. नियमानं पटर सोडून कोणताही क्लब ४८ इंचांपेक्षा लांब नको. जानेवारी २०२२ पासून स्पर्धा घेणाऱ्यांना ही मर्यादा ४६ इंचांवर आणायची मुभा मिळाली आणि अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांनी ती स्वीकारली.

लांबी बदलली की लायही बदलतो, आणि नेमकं इथंच लोक चुकतात. हात त्याच उंचीवर ठेवून दांडा अर्धा इंच लांब केला, की दांडा साधारण एका अंशानं आडवा होतो. पण क्लबचा तळ जुन्याच कोनात घडवलेला असतो. त्यामुळे चवडा वर उचलला जातो आणि क्लब एक अंश जास्त उभा असल्यासारखा वागतो. दांडा अर्धा इंच कापला तर उलट, तो एक अंश आडवा असल्यासारखा वागतो. कारागिरांचा ढोबळ नियम असा: अर्धा इंच म्हणजे एक अंश.

वजनाचा तोलही हलतो. दांडा कापला की हाताला क्लबचं डोकं हलकं लागतं आणि दांडा जास्त ताठ वाटतो. मोठ्यांचे क्लब कापून मुलांना दिले तर त्यात आणखी एक भर पडते: तोल कसाही वाटला तरी डोकं मोठ्या माणसासाठी घडवलेलं, म्हणजे मुलाच्या मनगटाला खरंच जड. आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या हातात तो क्लब सपाट येतच नाही आणि पोर शरीर वाकवून त्याच्याशी जुळवून घेऊ लागतं.

सगळ्या आयर्नची लांबी एकच ठेवली तर काय होईल, हा प्रयोगही झाला आहे. अमेरिकेचा ब्रायसन डीशँबो, मूळचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, साडेसदतीस इंचांच्या एकाच लांबीची आणि एकाच लायची आयर्न वापरतो. प्रत्येक क्लबला उभं राहणं तेच, क्लब फिरवण्याचा झोकाही तोच. फक्त लॉफ्ट वेगळा. २०२० आणि २०२४ ची यूएस ओपन त्यानं अशा क्लबांनी जिंकली. यात लांब आयर्न नेहमीपेक्षा आखूड होतात आणि त्यांचा वेग घटतो, आखूड आयर्न लांब होतात आणि त्यांचा वाढतो. म्हणून डोक्यांची वजनं सगळी नव्यानं बसवावी लागतात. लांबी, लाय आणि वजन तिन्ही एकमेकांना बांधलेली आहेत. एकाला हात लावला की बाकी दोन तपासावीच लागतात.

मापं कशी घेतात?

सुरुवात उंचीपासून होत असली तरी उंची पुरत नाही. सहा फुटांच्या माणसाचे हात लांब असतील तर त्याची मनगटं साडेपाच फुटांच्या माणसाइतकीच खाली येऊ शकतात. म्हणून मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजतात. ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, आणि दुसऱ्यानं टेप धरायचा. स्वतः वाकून मोजलं तर माप चुकतं. पिंग कंपनी उंची आणि हे अंतर एकाच तक्त्यावर मांडून लायची शिफारस करते आणि तो लाय क्लबवर रंगीत ठिपक्यानं दाखवते: काळा ठिपका मधला, बाकी रंग त्याहून उभे किंवा आडवे. कंपनी काढणारे कार्स्टन सोल्हाइम हे अभियंते होते. प्रत्येक खेळाडूचं माप वेगळं असतं, ही गोष्ट त्यांनी गंभीरपणे घेतली.

पण उभं राहून घेतलेलं माप ही फक्त सुरुवात. फटक्याच्या क्षणी दोन गोष्टी बदलतात. बहुतेकांचे हात उभं राहतानाच्या जागेपेक्षा थोडे वर येतात. शिवाय क्लबच्या डोक्याचं वजन दांड्याच्या रेषेत नसून पुढे बाहेर असतं; वेगानं फिरताना ते बाहेर ओढलं जातं आणि दांडा खाली वाकून चवडा झुकतो. दांडा जितका लांब आणि लवचीक, तितका हा झुकाव जास्त. त्यामुळे खरा लाय चेंडू मारूनच कळतो.

त्याची सगळ्यात सोपी परीक्षा घरच्या मार्करनं होते. चेंडूवर एक जाड सरळ रेघ ओढा. चेंडू असा ठेवा की रेघ क्लबच्या चेहऱ्याकडे, अगदी उभी असेल. नेहमीसारखा फटका मारा आणि चेहऱ्यावर उमटलेली शाई बघा. क्लबचा तळ सपाट धरल्यावर रेघ उभी दिसली तर लाय बरोबर. रेघेचं वरचं टोक चवड्याकडे झुकलेलं असेल तर फटक्याच्या वेळी चवडा वर होता, क्लब जास्त उभा आहे. टाचेकडे झुकलेलं असेल तर क्लब जास्त आडवा. एका फटक्यावरून निकाल देऊ नका. चार-सहा फटक्यांत रेघ एकाच बाजूला झुकत असेल तरच ते खरं धरा. जुना क्लब हातात आला तर त्याचा तळ बघा. तो टाचेकडे झिजलेला आहे की चवड्याकडे, यावरून तो आधीच्या मालकाला किती जुळत होता ते समजतं.

माप चुकलं तर दुरुस्ती होते. क्लब शिकंज्यात घट्ट धरतात, दांडा बसतो त्या मानेवर लांब दांडी लावतात आणि कोनमापकावर नजर ठेवून मान हळूहळू वाकवतात. ठोकून घडवलेलं मऊ पोलाद एक-दोन अंश सहज ऐकतं. साच्यात ओतलेलं कडक स्टेनलेस स्टील सावकाश वाकवावं लागतं, कधी ते वाकतच नाही, जोर केला तर मान तुटते. बऱ्याच नव्या ड्रायव्हरना मानेजवळ फिरवून कोन बदलायची सोय असते, ते वाकवायचे नसतात. वाकवल्यानंतर लॉफ्ट पुन्हा मोजायचा, कारण मान हलताना तोही हलू शकतो.

दोष हाताचा की क्लबचा?

टॅनच्या त्या हिशेबातून एक परीक्षा मिळते आणि तिला कसलंही यंत्र लागत नाही. वेज सगळ्यात जास्त डावीकडे जातोय, ७ नंबर त्याहून कमी, ड्रायव्हर जवळपास सरळ, असं चित्र असेल तर लायवर संशय घ्या. सगळे क्लब सारखेच डावीकडे जात असतील तर उभं राहण्याची दिशा किंवा झोका तपासा.

तिसरं चित्र सगळ्यात फसवं असतं: आयर्न सरळ जातात, ड्रायव्हर मात्र उजवीकडे पळतो. अशा वेळी खेळाडूला ड्रायव्हरचा झोका शिकवला जातो. पण आयर्न जास्त उभी असतील आणि चेंडू डावीकडे जाऊ नये म्हणून हातांनी नकळत चेहरा उघडा ठेवायची सवय लावून घेतली असेल, तर ड्रायव्हरपर्यंत तीच सवय जाते. ड्रायव्हरला लायची चूक जवळजवळ लागत नसल्यामुळे तिथं फक्त सवय उरते आणि चेंडू उजवीकडे जातो. चूक आयर्नमध्ये, लक्षण ड्रायव्हरमध्ये. अशा खेळाडूला महिनोन्महिने ड्रायव्हर मारायला लावलं तरी गुण येत नाही.

मापाचा आग्रह धरायचा तो यासाठी. चुकीचं अवजार हाताला चुकीचा धडा देतं, आणि तो धडा शरीरात इतका खोल बसतो की अवजार बदललं तरी लवकर जात नाही. भारतातले किती तरी उत्तम खेळाडू मैदानाच्या कामगारांच्या घरांतून आले. १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर दिल्लीत कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारा, होता. २०१६ आणि २०१७ ला सलग ती स्पर्धा जिंकणारा एस. एस. पी. चौरसिया कोलकात्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा. अशा घरांतली मुलं खेळायला लागतात ती कुणीतरी दिलेल्या जुन्या क्लबांवर, आणि ते क्लब दुसऱ्याच्या उंचीचे असतात. अशा मुलांना नवा संच घेऊन देणं प्रत्येकाला परवडणार नाही. पण मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरणं, चेंडूवर रेघ ओढून चार फटके बघणं, जास्तीचा अर्धा इंच कापून कोन अंशभर वाकवून घेणं, एवढं कुठल्याही मैदानावर होऊ शकतं. शिकवणाऱ्यानं हे पहिल्याच आठवड्यात करावं, आणि मुलाच्या हाताला दोष द्यायचा तो त्यानंतर.